सुनांच्या वाटची लस

रुपीबाई, तिचा नवरा किसनसिंग आणि नात बबिता असे तिघे दिवाळीनंतरच्या एका सकाळी यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या माझ्या घरी आले. त्यांना माझी सही हवी होती. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझी सही बँकेशिवाय कोणी मागितलेली नाही, आणि आता बँकही अंगठ्याचं यंत्र पुढे करते. म्हणून मी आधी चहा ठेवला.

किसनसिंगला मी लगेच ओळखलं. खुर्ची पुढे केली तर त्यानं तिच्यावर आपलं पागोटं ठेवलं आणि स्वतः खाली बसला. रुपीबाई मात्र ओळखू आली नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन तिच्या डाव्या गालाला कॅन्सर झाला होता. दोन वर्षांपूर्वी तो कापून काढला, तेव्हापासून चेहरा एका बाजूला ओढला गेलाय. आता त्याच बाजूला कानाखाली लिंबाएवढी गाठ आली होती. हात तेवढे तेच होते. मनगटापासून पार काखेपर्यंत पांढरा चुडा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो हाडाचा होता. एकेक बांगडी तडकत गेली तशी तिच्या जागी प्लास्टिकची येत गेली.

"सिस्टरबाई, वळखलं का?"

"आवाजावरून ओळखलं," मी म्हणाले. आवाजही बदलला होता, पण काहीतरी म्हणायला हवं होतं.

बबिता पुसदला शाळेत शिकवते. तिनं पर्समधून प्लास्टिकमध्ये मढवलेला एक पिवळा कागद काढला. देवीची लस टोचल्याचं कार्ड. रुपीबाई किसनसिंग, वय १९, सन १९७३. खाली माझी सही, जवळजवळ उडालेली.

"नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आजीवर एक नवीन उपचार करून पाहणार आहेत," बबिता म्हणाली. "त्यांनी विचारलं, देवीची लस झाली होती का, पुरावा असल्यास आणा. पुरावा आहे आपल्याजवळ. फक्त सही ताजी करून पाहिजे."

हे कार्ड त्या घरात फार मानाचं होतं. राशनकार्ड काढताना वयाचा दाखला म्हणून ते चाललं, मतदार यादीत चाललं, आधारच्या वेळीही चाललं. रुपीबाईच्या जन्माची दुसरी कुठलीच नोंद नाही. आज सरकारदरबारी ती एकाहत्तर वर्षांची आहे, ते मी त्या दिवशी तिच्याकडे पाहून एकोणीस लिहिलं म्हणून.

मी चष्मा लावून दवाखान्याचे कागद मागितले. माहितीपत्रक चांगलं मराठीत होतं, अकरा पानांचं. तिघांनी मिळून पहिलं पान वाचलं होतं, त्यावर नाव आणि पत्ता होता. सातव्या पानावर अट होती: या गटात पूर्वी देवीची लस न घेतलेले रुग्णच घेतले जातील.

मी ते वाक्य मोठ्यानं वाचलं. बबितानं कागद हातात घेऊन स्वतः वाचलं, आणि मग कार्ड हळूच पर्समध्ये परत ठेवलं.

"सरकारी कागदात कुठं 'नाही' म्हणायचं असते, हे पहिल्यांदाच पाहून राह्यली," ती म्हणाली.

"मंग काय, वापस जाचं?" किसनसिंगनं विचारलं.

"वापस कायले?" मी म्हणाले. "रुपीबाईले लस झालीच नाही."

"झाली," रुपीबाई म्हणाली. "याडीनं घेतली ना."

त्यांच्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत याडी म्हणजे आई. रुपीबाई सासूलाही याडीच म्हणायची. तिची सासू बिजलीबाई. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय हे पुढचं कळणार नाही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी पंचवीस वर्षांची होते आणि पुसद तालुक्यात देवीची मोहीम चालू होती. सकाळी जीप निघायची. मांडीवर लसीच्या कुप्यांचा थर्मास, पिशवीत स्पिरिटचा दिवा आणि दोन टोकांच्या सुयांचा डबा. सुई लसीत बुडवायची, दंडावर एकाच जागी पंधरा टोचे मारायचे, रक्त अगदी टिपूसभर दिसलं पाहिजे, जास्त नाही. माझा हात बसला होता. झोपलेल्या लेकराला मी त्याची झोप न मोडता टोचायची. आजही स्पिरिटचा वास आला की मला करडईच्या शेतातून जाणारी ती धुळीची वाट आठवते, आणि आमचा ड्रायव्हर उकंडा, जो स्वतः सुईला घाबरून जीपखाली जाऊन निजायचा.

आमच्या साहेबांना वरून सांगितलं होतं की तालुक्यात एकही माणूस सुटता कामा नये, तपासणीला बाहेरची मंडळी येणार आहेत. तांड्यावर मला पाठवलं, कारण पुरुषांना बायका दंड दाखवत नसत. बायकांनी मलाही दाखवला नाही. लपवला असं नव्हे. दंड दिसतच नव्हता. लग्न झालेल्या प्रत्येकीचे दोन्ही हात काखेपर्यंत चुड्यानं भरलेले, बोट घालायला फट नाही. आणि नवरा जिवंत असताना चुडा दंडावरून उतरत नाही. मांडीवर टोचते म्हणाले असते, तर मला तिथूनच परत पाठवलं असतं.

बिजलीबाईला चार मुलगे आणि चार सुना. रुपीबाई सगळ्यात धाकटी. मुलांनी निमूट टोचून घेतलं. मग बिजलीबाई माझ्यापुढे येऊन बसली. ती विधवा होती. तिचे दंड उघडे होते.

"माहे हात रिकामेच हायेत," ती म्हणाली. "चारीही सुनाइच्या वाटचं माह्यावरच टोच."

मी सुई दिव्यावर धरली.

"चालते का असं?" तिनं विचारलं.

तिला खरंच विचारायचं होतं. नवस एकानं बोलावा आणि दुसऱ्यानं फेडावा, लेकराच्या वाटचा उपास आईनं धरावा, हे तिनं जन्मभर पाहिलं होतं. लशीचं तसं असतं का, हे तिला माहीत नव्हतं, आणि ते सांगायलाच सरकारनं मला नेमलं होतं. ऊन चढलं होतं. उकंडा हॉर्न वाजवत होता. अजून दोन तांडे बाकी होते.

"चालते," मी म्हणाले.

तिच्या स्वतःच्या वाटचं धरून मी पाच जागी टोचलं. उजव्या दंडावर तीन, डाव्यावर दोन. प्रत्येक वेळी ती आधी सुनेचं नाव घ्यायची आणि मग हात पुढे करायची. आठवड्यानं पाहायला गेले तर पाचही जागा फुगून आल्या होत्या, अंगात ताप होता, आणि हात वर होत नव्हते म्हणून सुना तिला पाळीपाळीनं घास भरवत होत्या. मी सुनांची चार कार्डं लिहिली आणि सही केली. आमचा तालुका शंभर टक्के झाला.

"तिच्या डाव्या दंडावरचा खालचा वण माह्या होता," रुपीबाई माझ्या घरात बसून बबिताला सांगत होती. "भांडण झालं की याडी म्हणे, तुह्यावाला टोचा अजूनही खाजवते."

"ते खरं आहे, पण तुले लस झाली नाही," मी म्हणाले.

"मंग देवी काहून नाई आली मले?"

"देवी कोणालेच आली नाही पुढं. ती संपली."

"तेच तं," किसनसिंग म्हणाला.

त्याला दुसरीच काळजी होती. "कार्ड खोटं म्हनलं तं वय बी खोटं. मंग हे पैदाच झाली नाई, असं होईल. मी बावन वर्सं कोनाजवळ नांदून राह्यलो?"

मी त्यांच्याबरोबर नागपूरला जायचं ठरवलं. माझा मुलगा म्हणाला, या वयात कशाला. मी म्हणाले, याच वयात जावं लागतं, आधी गेले नाही म्हणून.

नागपूरच्या डॉक्टर दिपाली चाळिशीच्या आतल्या होत्या. त्यांना घाई नव्हती, हे मला आवडलं. त्यांनी आधी कागदावर एक गोल काढला आणि समजावून सांगितलं. पूर्वीच्या देवीच्या लशीत जो विषाणू असायचा, तोच घेतलाय. प्रयोगशाळेत त्याचा एक तुकडा कापून टाकलाय. त्यामुळे चांगल्या पेशीत शिरला तरी तो तिथं वाढू शकत नाही. कॅन्सरच्या पेशीत मात्र त्याला हवं ते मिळतं. तिथं तो वाढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. इंजेक्शन सरळ गाठीत द्यायचं.

"म्हणजे चांगल्या घरात त्याले जेवाले भेटत नाई," रुपीबाई म्हणाली.

"बरोबर."

"अन् चोराच्या घरी पंगत."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "पण लस झालेल्या माणसाचं शरीर या विषाणूला ओळखतं. काम व्हायच्या आधीच त्याला मारून टाकतं, अशी शंका आहे. म्हणून लस न झालेले वेगळे पाहतोय. साठीच्या पुढं तसं माणूस सापडतच नाही. तुमच्या पिढीला सगळ्यांना टोचलंय. फार मन लावून काम केलंय तेव्हाच्या लोकांनी."

किसनसिंगनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे पाहिलं.

"तर," डॉक्टरांनी पेन उघडलं, "देवीची लस झाली होती?"

"झाली," रुपीबाई म्हणाली.

"नाही झाली," मी म्हणाले.

मग मी सगळं सांगितलं. जीप, चुडा, पाच जागा, चार कार्डं. बावन्न वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सांगताना माझा आवाज कापेल असं मला वाटलं होतं, पण तो कापला नाही. पगारवाढीच्या अर्जासारखाच निघाला. डॉक्टरांनी पूर्ण ऐकलं.

"सिस्टर, हे लिहायला माझ्याजवळ रकाना नाही," त्या म्हणाल्या. "'हो' आहे आणि 'नाही' आहे."

"मी लेखी देते."

"देऊ शकता. पण ते कुठं जोडायचं, मला माहीत नाही."

त्यांनी दंडावर वण आहे का पाहायचं ठरवलं. किसनसिंग समोर जिवंत बसलेला असल्यामुळे चुडा उतरवायचा प्रश्न नव्हता. डॉक्टर बॅटरी घेऊन दोन बांगड्यांच्या फटीतून घड्याळजीसारख्या पाहत राहिल्या. त्यांना एक निळा ठिपका दिसला.

"ते गोंदण हाये," रुपीबाई म्हणाली. "विंचू हाये तो. तुम्हाले नांगी दिसून राह्यली."

शेवटी त्यांनी रक्त घेतलं. लस झाली असेल तर तिची खूण रक्तात राहते, इतक्या वर्षांनंतरही. उत्तर यायला बारा दिवस लागणार होते.

त्या बारा दिवसांत गाठ थोडी वाढली. बबिता रोज फोन करायची. गिळताना त्रास होतोय, आजी भाकरी दुधात कुस्करून खातेय, म्हणायची. तेराव्या दिवशी दवाखान्यातून निरोप आला. रक्तात लशीची काही खूण नाही. घ्यायला हरकत नाही, लगेच या.

मला वाटलं, संपलं. पण संमतीपत्रावर सही करायची वेळ आली तेव्हा रुपीबाईनं बबिताला ते ओळ न् ओळ वाचून दाखवायला लावलं. आधीच्या अकरा पानांनी तिला तेवढं शिकवलं होतं. तिसऱ्या ओळीवर तिनं हात वर केला.

"मला यापूर्वी देवीची लस देण्यात आलेली नाही," बबितानं पुन्हा वाचलं.

"हे नाई लिवत मी."

"आजी, रक्तात आलंय तसं."

"रक्तात येऊ दे. याडीनं ताप काढला माह्या नावाचा. हात उचलता येत नव्हता तिले. मी घास भरवला. अन् आता मी सही करून सांगू, का तिनं काही केलंच नाई?"

डॉक्टरांनी सांगितलं, वाक्य बदलता येणार नाही, ते समितीनं मंजूर केलेलं आहे. ते खोडून सही केली तर चालणार नाही. आज सही झाली नाही तर ही जागा पुढच्या रुग्णाला द्यावी लागेल, असंही त्यांनी सांगितलं, दरडावून नाही, नियम म्हणून. मग त्या दुसऱ्या रुग्णाकडे गेल्या.

किसनसिंग म्हणाला, "कर ना सही. याडी थोडी पाहाले येऊन राह्यली?"

"तुमची माय होती ती," रुपीबाई म्हणाली. "तुमच्यापेक्षा मले जास्त लागते, हेच आश्चर्य हाये."

त्यावर तो उठून पाणी प्यायला गेला.

मी तिच्या शेजारच्या बाकावर बसले. आता सांगायला मीच उरले होते.

"रुपीबाई, तुह्या सासूनं मले त्या दिवशी इचारलं होतं. असं चालते का म्हणून."

"मी होती तिथं. तुम्ही चालते म्हणाल्या."

"चालत नाही. मले तेव्हाबी माहीत होतं."

ती माझ्याकडे वळली. मान वळत नाही म्हणून सगळी वळली.

"मंग काहून म्हणाल्या?"

"उशीर होत होता. अजून दोन तांडे राह्यले होते."

माझ्याजवळ याहून मोठं कारण असायला हवं होतं. बावन्न वर्षांत मी दोन-तीन तयार केली होती: अंधश्रद्धा, वरून आलेला दबाव, दुष्काळ. त्या बाकावर बसल्यावर त्यातलं एकही आठवलं नाही.

"किती टोचे मारले तिले माह्या वाटचे?"

"पंधरा."

"चौघीइचे साठ."

"हो."

"अन् त्याचा कोनालेच उपेग नाई?"

"तिले स्वतःले झाला. तिचे पहिले पंधरा लागू पडले. बाकीचे नुसते दुखले."

"म्हणजे तुम्ही तिले ठगवलं."

"हो."

"पाप्याचं पितर होती तेव्हा, एवढीशी," ती किसनसिंगला म्हणाली. तो पाणी पिऊन परत आला होता. "आम्हाले वाटे, सरकारनं लेकरू धाडलं. याडीनं हिले ताक पाजलं होतं."

"मले आठवते," मी म्हणाले.

"आठवून राह्यलं तुम्हाले सगळंच."

समोरच्या रांगेत एका माणसाचा नंबर पुकारला गेला, तो झोपला होता, त्याला उठवलं. रुपीबाईनं बबिताकडून पेन घेतलं. तिला सही येते, प्रौढशिक्षणाच्या वर्गात शिकलेली. ती सावकाश एकेक अक्षर जोडत सही करते आणि मधे कोणी बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कोणी बोललं नाही.

"खोटी गोष्ट तुमची होती," सही झाल्यावर ती मला म्हणाली. "याडीची खरीच होती. हे पोरीले नीट समजावून सांगा. मले तुमच्यासंग बोलाचं नाई आता."

मी बबिताला समजावून सांगितलं. ती म्हणाली, मी इथंच बसली होती, ऐकलं सगळं.

त्याच दुपारी पहिलं इंजेक्शन झालं. पातळ सुई, गाठीत तीन ठिकाणी. मी काचेबाहेरून पाहत होते. डॉक्टरांचा हात चांगला आहे. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला. तो येणारच होता, म्हणून कोणी घाबरलं नाही. किसनसिंगनं मात्र परिचारिकेला तीनदा सांगितलं की ताप आलाय, आणि तिनं तीनदा लिहून घेतला. घरी सोडताना सूचना दिल्या: इंजेक्शनची जागा झाकून ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, तान्ह्या बाळाला जवळ घेऊ देऊ नका. आठवड्यानं गाठीवर एक पुटकुळी आली. बबितानं मला मोबाइलवर फोटो पाठवला. मी चष्मा लावून पाहिला आणि फोन करून सांगितलं, मधे खळगा आहे, कडा लाल आहे, अशीच असते.

दर खेपेला डॉक्टर एका चिमट्यासारख्या पट्टीनं गाठ मोजतात. पहिल्या दिवशी चौतीस मिलिमीटर होती. दुसऱ्या इंजेक्शनाआधी सदतीस झाली, तेव्हा बबिता फोनवर रडली. डॉक्टर म्हणाल्या, आतून सुजते कधी कधी, थांबा. तिसऱ्या वेळी एकोणतीस भरली.

"हे चांगलं आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण मी यापुढं काही म्हणणार नाही."

रुपीबाई आता भाकरी न कुस्करता खाते. किसनसिंग तांड्यावर सांगतो की बायकोच्या मानेत देवी सोडली आहे आणि ती चोर धरून राह्यली. डॉक्टरांनी त्याला दोनदा समजावलं, तो मान हलवतो आणि घरी जाऊन तेच सांगतो.

मी तिन्ही वेळा गेले. यवतमाळहून सकाळची बस मिळते, बारापर्यंत पोचते. रुपीबाई माझ्याशी बोलत नाही. तहान लागली तर माझ्यासमोर बबिताला सांगते, आणि पाण्याची बाटली माझ्या पिशवीत असल्यामुळे बबिता मला मागते. मागच्या वेळी तिनं बबिताला सांगितलं, त्या बाईले म्हणावं, खिडकीजवळ बसू नको, वारा लागून राह्यला. मी सरकून बसले.

चौथं इंजेक्शन सव्वीस तारखेला आहे. मी बसचं तिकीट काढून ठेवलंय. मला कोणी बोलावलेलं नाही.